ठराव झाला, पण कारवाई झाली नाही: ग्रामसभेने आणि गावकऱ्यांनी पुढे काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील तुमचे गाव तालुक्यापासून आणि पोलीस ठाण्यापासून बरेच आत आहे. गेल्या रब्बीपासून शिवारातील विहिरींवरचे मोटारपंप आणि केबल चोरीला जात आहेत, आणि फाट्यावरच्या एका पानठेल्यातून देशी दारूच्या निपा (छोट्या बाटल्या) उघडपणे विकल्या जातात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पोलिसांनी दोन्ही बाबतींत कडक कारवाई करावी असा ठराव एकमताने झाला व तो ठाण्यात दिला गेला. ठाणेदार एकदा गावात बैठकीला येऊन आश्वासन देऊन गेले आणि त्यानंतर काही हलले नाही. आता विक्रेत्याला गावाने दंड करावा, त्याच्या घराशी व्यवहार बंद करावा आणि तरुणांनी काठ्या घेऊन रात्रीची गस्त घालावी, असे बोलले जात आहे. यातले कायद्यात काय बसते आणि ठाणेदार पुन्हा आले तर त्यांच्यापुढे काय मांडावे, हे तुम्ही ग्रामपंचायत सदस्य या नात्याने विचारले आहे.

पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून माझी बहुतेक नोकरी ग्रामसभांची इतिवृत्ते वाचण्यात आणि त्यांतून उद्भवणारी भांडणे ऐकण्यात गेली. त्या अनुभवावरून आधी उत्तर देतो आणि कारणे नंतर सांगतो. दंड आणि बहिष्कार यांचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा. गस्त घालायची असेल तर ती पोलिसांच्या नोंदीत येऊनच घालावी. चोरीसाठी ठरावावर विसंबून न राहता ज्याची वस्तू गेली त्या प्रत्येक शेतकऱ्याने स्वतंत्र फिर्याद द्यावी. आणि पानठेला जर ग्रामपंचायतीच्या किंवा गावरस्त्याच्या जागेवर उभा असेल, तर तो हटवण्यासाठी पोलिसांची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण तो अधिकार मुळात ग्रामपंचायतीचा आहे.

ठरावाचे काय झाले असेल, याची मला बऱ्यापैकी कल्पना आहे. ठाण्यातील कारकुनाने त्यावर आवक क्रमांक टाकला, ठाणेदारांनी तुमच्या बीटच्या (तुमचे गाव ज्या पोलिसाच्या देखरेखीत येते त्या भागाच्या) जमादाराचे नाव शेऱ्यात लिहिले आणि जमादाराने गावात एक फेरी मारून 'सध्या शांतता आहे' असा अहवाल जोडून कागद निकाली काढला. यात प्रत्येक वेळी बेइमानी असतेच असे नाही. पोलीस दल गृह विभागाच्या आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली चालते. ग्रामसभा गावच्या कारभारात कितीही मोठी असली तरी ठाणेदाराला हुकूम देण्याची सत्ता ग्रामपंचायत अधिनियमाने तिला दिलेली नाही. 'पोलिसांनी कडक कारवाई करावी' या वाक्यात कोणाविरुद्ध, कोणत्या घटनेबद्दल आणि कोणत्या तारखेची हे काहीच नसते, त्यामुळे त्यावर गुन्हा नोंदवता येत नाही आणि चौकशीही सुरू होत नाही. ग्रामसभेचा ठराव ठाण्यात निरुपयोगी असतो असे मात्र मुळीच नाही. तो प्रतिबंधक कारवाईच्या प्रस्तावाला जोडण्याचा आधार म्हणून उत्तम काम करतो, फक्त तो त्या कामासाठी लिहिलेला असावा लागतो.

पानठेल्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमच्या हातात सर्वांत जास्त आहे.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५३ सार्वजनिक रस्त्यांवरील आणि जागांवरील अडथळे व अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला देते. त्यामुळे पहिले काम म्हणजे तो ठेला नेमका कोणाच्या जागेवर आहे हे नकाशावरून निश्चित करणे. गावठाणातील किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यातील जागा असेल तर मासिक सभेत विषय घेऊन लेखी नोटीस द्यावी, मुदत संपल्यावर पंचनामा करून ठेला हलवावा आणि त्या दिवसासाठी ठाण्याकडे बंदोबस्ताची लेखी मागणी करावी. फाटा राज्य मार्गाच्या हद्दीत येत असेल तर तीच मागणी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागीय अभियंत्याकडे जाईल. बंदोबस्ताच्या मागणीला ठाण्याला काहीतरी लेखी उत्तर द्यावे लागते, आणि कागदोपत्री हालचाल सुरू होण्याची ती बहुधा पहिली वेळ असते.

इथे एक अडचण येते आणि ती तुमच्या गावात आधीच आली असण्याची शक्यता आहे. फाट्यावर एकच ठेला नसतो. चहाची टपरी असते, सलूनचे खोके असते, आणि कधी कधी सदस्यांच्या नातलगांचे पक्के बांधकामही असते. एकट्या दारूवाल्याला नोटीस दिली तर तो पक्षपाताची तक्रार करतो आणि ती तक्रार टिकते. त्यामुळे नोटीस सर्वांना द्यावी लागते. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य त्याच अधिनियमाच्या कलम १४ मधील तरतुदीनुसार सदस्यत्वास अपात्र ठरू शकतो, हे बहुतेक सदस्यांना ठाऊक असते. अतिक्रमणाचा विषय मासिक सभेत वारंवार 'पुढील सभेत चर्चेस घ्यावा' असा पुढे ढकलला जाताना मी अनेक गावांत पाहिले आहे, आणि त्यामागचे कारण सहसा हेच असते.

ठेला गेला तरी विक्री घरातून सुरू राहील, म्हणून दारूची बाजू वेगळी समजून घ्यावी. विनापरवाना दारू बाळगणे व विकणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली कलम ६५ चा गुन्हा आहे. त्यावर पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग हे दोघेही कारवाई करू शकतात. गावकऱ्यांचा राग असतो तो छाप्यांच्या निष्फळतेवर. पोलीस येतात, दहा-बारा निपा जप्त करतात, माणूस संध्याकाळपर्यंत जामिनावर सुटतो आणि दुसऱ्या दिवशी ठेला पुन्हा उघडतो. हा राग रास्त आहे, परंतु प्रत्येक छोट्या छाप्याचा एक उपयोग असतो जो गावाला सांगितला जात नाही. एकाच व्यक्तीवर असे गुन्हे साचत गेले की त्याच अधिनियमाच्या कलम ९३ खाली त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेण्याचा प्रस्ताव कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे पाठवता येतो, आणि बंधपत्राच्या काळात पुन्हा विक्री केली तर त्याची रक्कम जप्त करता येते. त्यानंतरही सुधारणा नसेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली तडीपारीचा मार्ग आहे, जिची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. सराईत हातभट्टीवाल्यांसाठी १९८१ चा एमपीडीए कायदाही आहे, ज्याखाली जिल्हाधिकारी एक वर्षापर्यंत स्थानबद्धतेचा आदेश काढू शकतात. मात्र तुमच्या ठेलेवाल्यासारख्या किरकोळ विक्रेत्यावर तो लावला जाण्याची अपेक्षा गावाने धरू नये.

या साखळीत ग्रामसभेच्या ठरावाची जागा प्रतिबंधक प्रस्तावाजवळ आहे. तुमचा पुढचा ठराव असा लिहावा की अमुक व्यक्ती अमुक ठिकाणी विनापरवाना दारू विकते, त्यामुळे अमुक तारखांना अमुक भांडणे किंवा मारहाण झाली, त्यांपैकी ज्यांची ठाण्यात नोंद आहे त्यांचे क्रमांक हे आहेत, आणि या व्यक्तीविरुद्ध कलम ९३ खाली प्रस्ताव पाठवावा अशी ग्रामसभा शिफारस करते. असा कागद ठाणेदाराला उपयोगी पडतो, कारण प्रस्तावासोबत 'सदर व्यक्तीमुळे गावातील शांततेस बाधा येते' हे दाखवणारे काही तरी त्यालाही जोडायचे असते आणि साक्ष द्यायला गावातून कोणी पुढे येत नाही ही त्याची नेहमीची तक्रार असते.

माल कुठून येतो याचाही विचार करावा. तुमच्याकडे विकली जाते ती मोहाची हातभट्टी नसून सीलबंद देशी आहे, म्हणजे ती कोणत्या तरी परवानाधारक दुकानातून पेट्यांनी बाहेर पडते. जप्त बाटल्यांवरील बॅच क्रमांकावरून त्या दुकानाचा माग काढता येतो. हे काम उत्पादन शुल्क विभागाचे असल्याने तक्रारीची एक प्रत त्या विभागाच्या जिल्हा अधीक्षकांना वेगळी पाठवावी आणि तीत पुरवठ्याच्या चौकशीची मागणी स्पष्ट शब्दांत करावी. पुरवठा करणाऱ्याचा परवाना धोक्यात आला की फाट्यावरचा माल आपोआप आटतो, हा माझा अनुभव आहे. महिलांच्या मतदानाने बाटली आडवी करण्याचा जो मार्ग २००८ च्या आदेशाने दिला आहे तो परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी आहे. तुमच्या गावात तसे दुकानच नसल्याने त्यात शक्ती खर्च करू नका. जिल्हाभर दारूबंदी व्हावी ही मागणी करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली हे आपण पाहिले आहे, आणि बंदी असताना काय किंवा नसताना काय, फाट्यावरच्या विक्रीचा प्रश्न बीट जमादार आणि गाव यांच्यातच सुटतो किंवा अडतो.

दारूसाठी २०१६ च्या दुरुस्तीने एक साधन दिले आहे, ज्याचा वापर फार थोडी गावे करतात. दारूबंदी अधिनियमात कलम १३४-अ घालून ग्रामरक्षक दलाची तरतूद केली गेली. हे दल अवैध दारूची माहिती पोलिसांना व उत्पादन शुल्क विभागाला देण्याचे काम करते आणि त्याच्या स्थापनेसाठी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. रात्रीच्या गस्तीसाठी पोलिसांच्या देखरेखीखाली असते ते ग्रामसुरक्षा दल. ते या दलाहून निराळे आहे, आणि दोन्ही नावे एकाच अर्जात मिसळली की अर्ज परत येतो.

आता चोऱ्यांकडे वळतो. आतापर्यंत किती शेतकऱ्यांचे पंप गेले हे तुम्ही लिहिले आहे, पण त्यांपैकी किती जणांनी फिर्याद दिली हे लिहिलेले नाही, आणि मला शंका आहे की फारच थोड्यांनी दिली असावी. ठाण्यापर्यंतचा रस्ता, एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि 'जाऊन काय होते' ही समजूत, ही त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु ठाण्याच्या नोंदीत तुमच्या शिवारातील एकच चोरी असेल, तर ठाणेदार, उपविभागीय पोलीस अधिकारी आणि पोलीस अधीक्षक या तिघांच्याही दृष्टीने तुमच्या गावात एकच चोरी झाली आहे. गस्तीचे नियोजन, स्थानिक गुन्हे शाखेचे लक्ष आणि संशयितांची यादी हे सर्व त्या नोंदींवर चालते.

फिर्याद देताना रकमेकडे विशेष लक्ष द्यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचे कलम ३०३ आहे. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूच्या चोरीचे प्रकरण अदखलपात्र ठरू शकते, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून समज देतील आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होणार नाही. आपल्याकडचा शेतकरी संकोचाने 'जुना पंप होता, तीन-चार हजारांचा असेल' असे सांगून मोकळा होतो आणि स्वतःच्याच तपासाची वाट बंद करतो. पंप, स्टार्टर, केबल, पाइप आणि फूट व्हॉल्व्ह असे जे जे गेले ते सर्व आजच्या बाजारभावाने खरेपणाने मोजावे, पंपाची कंपनी, अश्वशक्ती आणि नंबर प्लेटवरचा क्रमांक द्यावा, बिल असल्यास जोडावे आणि सातबाराची प्रत सोबत न्यावी. वाढवून सांगू नये, कारण पुढे मुद्देमाल सापडला तर तेच अंगलट येते.

डीपीमधील (विजेच्या रोहित्रातील) तांबे, तेल किंवा वाहिनीची तार चोरीला गेली असेल तर ती मालमत्ता महावितरणची आहे. तिथे फिर्याद महावितरणच्या अभियंत्याने द्यायची असते आणि विद्युत अधिनियम, २००३ चे कलम १३६ लागू होते. ओलिताच्या दिवसांत डीपी आठ-आठ दिवस बंद राहतो तो बऱ्याचदा ही फिर्याद वेळेवर न गेल्यामुळे, म्हणून फिर्याद दिली का आणि तिचा क्रमांक काय हे शाखा कार्यालयात जाऊन विचारावे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, फक्त तीन दिवसांत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांत कळवण्याचे बंधनही याच कायद्याच्या कलम १९३ मध्ये आहे. ठाण्यात खबर घेतलीच नाही तर त्याच कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमानुसार ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवता येते आणि तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये स्पष्ट केले. नव्या कायद्याने तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सवलत पोलिसांना दिली आहे, आणि तिचा उपयोग कधी कधी फिर्याद लांबवण्यासाठी होतो. 'चौकशी चालू आहे' असे उत्तर मिळाल्यास ती वरिष्ठांच्या परवानगीने चालू आहे का आणि केव्हापासून, एवढे दोन प्रश्न लेखी विचारावेत.

तांब्याची केबल चोरणारा ती नाल्याकाठी जाळून आवरण काढतो आणि तांबे भंगारात विकतो. म्हणून जळालेल्या केबलचे अवशेष कुठे दिसले तर ती जागा न तुडवता पोलीस पाटलांना कळवावी, आणि बैठकीत ठाणेदारांना तालुक्यातील व बाजाराच्या गावांतील भंगार दुकानांच्या तपासणीविषयी विचारावे. चोरीचा माल घेणाऱ्यासाठी न्याय संहितेचे कलम ३१७ आहे. प्रतिबंधाचा स्वस्त उपाय म्हणून प्रत्येक पंपाच्या बॉडीवर वेल्डिंगने गट क्रमांक कोरून घ्यावा. सापडलेला पंप कोणाचा हे सिद्ध न झाल्यामुळे ठाण्याच्या आवारात गंजत पडलेला माल मी पुष्कळ पाहिला आहे.

पोलीस पाटलांचा उल्लेख केला म्हणून त्यांच्याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण गावकरी त्यांना सही-शिक्क्याचा माणूस समजतात. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ च्या कलम ६ प्रमाणे गावातील गुन्ह्यांची स्थिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवणे, शांततेला बाधा आणणारी माहिती पोलिसांना देणे आणि गुन्हे रोखण्यास मदत करणे ही त्यांची कर्तव्ये आहेत. त्यांची नेमणूक उपविभागीय दंडाधिकारी करतात, म्हणजे ते सरपंचांच्या हाताखालचे नाहीत आणि ठाणेदाराचे नोकरही नाहीत. त्यांच्याकडे दिलेली माहिती तोंडी राहिली तर तिचा माग राहत नाही, तेव्हा त्यांनाही अर्जाची प्रत द्यावी व पोच घ्यावी. तुमच्या गावात हे पद रिक्त असेल, आणि अनेक गावांत ते असते, तर ते भरण्याची मागणी हाच ग्रामसभेच्या ठरावाचा एक योग्य विषय आहे.

गस्तीबाबत माझे मत सावध आहे. कापूस घरात येण्याच्या आणि सोयाबीनच्या गंज्या वावरात उभ्या असण्याच्या दिवसांत गस्तीचा उपयोग होतो हे खरे आहे. परंतु गस्त घालणाऱ्यांची नावे ठाण्यात दिलेली असावीत, बीट जमादाराकडे त्यांचे मोबाइल क्रमांक असावेत, आणि संशयित दिसल्यास ११२ वर कळवून पोलीस येईपर्यंत त्याच्यावर नजर ठेवावी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे खाजगी व्यक्तीला अटक करता येते ती फक्त तिच्या समोर घडलेल्या, दखलपात्र आणि अजामीनपात्र अशा गुन्ह्यासाठी किंवा उद्घोषित गुन्हेगाराला. अशा व्यक्तीला उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. कोणी अनोळखी फेरीवाला, भटक्या समाजातला माणूस किंवा रात्री उशिरा परतणारा मजूर 'चोर' म्हणून धरला जाऊन मारहाणीत सापडला, तर गस्तीवरची मुले आरोपी होतात. पाच किंवा अधिक जणांनी जात, समाज किंवा जन्मस्थान यांसारख्या कारणावरून कोणाला ठार मारले तर न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये त्यासाठी जन्मठेप किंवा मृत्युदंड आहे. गस्तीला निघणाऱ्या तरुणांना हे आधी वाचून दाखवावे. रानडुकरांसाठी किंवा चोरांसाठी कुंपणाच्या तारेत वीजप्रवाह सोडण्याची सूचनाही अशा बैठकांत कोणी तरी करतोच. त्याने माणसे मेली आहेत, आणि प्रवाह सोडणारा तुरुंगात गेला आहे.

दंड आणि बहिष्काराबद्दल जास्त लिहीत नाही. दारू विकल्याबद्दल दंड आकारण्याचा अधिकार ग्रामसभेला कोणत्याही कलमाने मिळालेला नाही, आणि दबावाखाली पैसे घेतले तर विक्रेता उलट खंडणीची तक्रार करू शकतो. एकाच समाजातील लोकांनी आपल्या माणसाशी व्यवहार तोडला तर सामाजिक बहिष्कारविरोधी २०१६ चा राज्य कायदा लागू होतो, जो ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे आणि ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. ते कुटुंब अनुसूचित जाती-जमातीचे असून बहिष्कार घालणारे त्या समाजांबाहेरचे असतील तर अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ लागू होतो. असा ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांच्या सह्यांचा पुरावा तुम्ही स्वतःच तयार करून ठेवता. हे प्रकरण तंटामुक्ती समितीकडे नेण्याची सूचनाही झाली असेल. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेचा उपयोग धुऱ्याची भांडणे, किरकोळ मारहाण, उसनवारी अशा तडजोड होऊ शकणाऱ्या वादांत चांगला झाला आहे. अवैध दारूविक्रीत तडजोड कोणाशी आणि कशाची करणार? बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲट्रॉसिटीची प्रकरणे तर समितीसमोर घेऊच नयेत.

आता ठाणेदारांच्या बैठकीबद्दल. अशी बैठक फसते याचे मुख्य कारण असे की तिथे सगळ्या गावाची सगळी गाऱ्हाणी एकत्र येतात. एकाला पांदण रस्ता अडवल्याचे सांगायचे असते, दुसऱ्याला मोकाट जनावरांचे, तिसऱ्याला भावकीच्या वाटणीचे, आणि तास-दीड तासानंतर ठाणेदार 'सर्व बाबींची नोंद घेतली आहे' असे म्हणून उठतात. पांदण अडवण्याचे प्रकरण मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे न्यायचे असते, मोकाट जनावरांसाठी ग्रामपंचायतीचा कोंडवाडा असतो आणि वाटणीचा वाद दिवाणी असतो. हे विषय बैठकीआधीच त्या त्या लोकांना समजावून बाजूला काढावेत. ठाणेदारांसमोर दोनच विषय न्यावेत आणि प्रश्न असे विचारावेत की ज्यांचे उत्तर तारखेत किंवा आकड्यात द्यावे लागेल. या शिवारातील चोरीचे किती गुन्हे नोंद आहेत, त्यांपैकी किती उघडकीस आले? फाट्यावरील विक्रेत्यावर दारूबंदीचे किती गुन्हे आहेत आणि प्रतिबंधक प्रस्ताव पाठवला आहे का? रात्रीच्या गस्तीची गाडी या मार्गाने आठवड्यातून किती वेळा येते? आलेल्या अंमलदाराची सही घेण्यासाठी ग्रामपंचायतीच्या दारात गस्तीची वही टांगता येईल का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठाणेदार हो म्हणतात, आणि ती वहीच पुढच्या बैठकीचा सर्वांत उपयोगी कागद ठरते.

बैठकीचे इतिवृत्त ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी लिहावे, त्याची प्रत दोन दिवसांत ठाण्यात द्यावी आणि दुसरी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना पाठवावी. ठाणेदारावर आरोप करणारी भाषा टाळावी. 'बैठकीत असे ठरले' एवढे लिहिले की पुरेसे असते. ठाणेदारांच्या बदल्या होत राहतात आणि नवीन येणाऱ्याला गावाला दिलेला जुना शब्द ठाऊक नसतो. त्याच्यासमोर ठेवायला हेच इतिवृत्त लागते. खरोखर गैरवर्तन किंवा हप्त्याचा ठोस पुरावा असेल तर पोलीस तक्रार प्राधिकरण आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहेत, पण नुसत्या संशयावरून तिकडे जाऊ नये.

फाट्यावर सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याची कल्पना तुम्ही शेवटी मांडली आहे. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठी राखीव असतो. कॅमेऱ्यांचा खर्च अबंधित हिश्श्यातून किंवा स्वनिधीतून, गावाच्या विकास आराखड्यात विषय घेऊनच करावा लागेल. कॅमेरा घेण्याआधी त्याचे वीजबिल आणि दुरुस्ती कोण करणार हे ठरवावे, कारण उद्घाटनानंतर सहा महिन्यांनी बंद पडलेले कॅमेरे ही आता अनेक गावांची ओळख झाली आहे. चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. चोरी झाल्याच्या दिवशीच ते जतन करण्याचे पत्र द्यावे आणि न्यायालयात वापरण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते हे लक्षात ठेवावे. माझ्या मते त्या पैशात आधी फाट्यापासून गावापर्यंतचे बंद पथदिवे सुरू करावेत.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा समोर आहे. तिची सूचना सात दिवस आधी निघावी लागते, तेव्हा दोन्ही विषय आत्ताच विषयपत्रिकेवर नेमक्या शब्दांत द्या. 'ऐनवेळचे विषय' या सदरात घेतलेला ठराव पुढे कोणीही वादात ओढू शकतो. तिच्या आधीच्या महिला ग्रामसभेत दारूचा ठराव घ्या, कारण घटना आणि तारखा बायकांना जितक्या नेमक्या आठवतात तितक्या पुरुषांना आठवत नाहीत, आणि त्या सांगायला त्या मुख्य ग्रामसभेत उभ्या राहत नाहीत. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार लागतात. ती न झाल्यास तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण अशा मोजक्या लोकांच्या सभेतला ठराव प्रतिबंधक प्रस्तावाला जोडला तर समोरचा वकील पहिले बोट उपस्थितीच्या सह्यांवरच ठेवतो, म्हणून मूळ सभेलाच घरटी एक माणूस येईल अशी दवंडी देववा.